डफरिनची शिडी

स्वतंत्र भारताच्या लष्कराला पहिला भारतीय सरसेनापती मिळाला १५ जानेवारी १९४९ रोजी. जनरल करिअप्पांचं नाव शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांमुळे आपल्याला पाठ असतं. हवाई दलाची सूत्रं सुब्रतो मुखर्जींकडे आली ती १ एप्रिल १९५४ रोजी. नौदलाला मात्र २२ एप्रिल १९५८ची वाट पाहावी लागली. त्या दिवशी व्हाइस ॲडमिरल सर स्टीफन कार्लिल यांच्याकडून व्हाइस ॲडमिरल राम दास कटारी यांनी कार्यभार घेतला. हे नाव मात्र सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही क्वचितच सापडतं.

स्वातंत्र्यानंतरच्या जवळपास अकरा वर्षांत भारतीय नौदलाच्या प्रमुखपदावर एकामागून एक चार इंग्रज अधिकारी होते: हॉल, पॅरी, पिझी आणि कार्लिल. ज्या पाकिस्तानला फाळणीने याच नौदलातून एक तुकडा काढून दिला, त्या पाकिस्ताननेसुद्धा १९५३ साली आपल्या माणसाला, एच. एम. एस. चौधरींना, नौदलप्रमुख केलं होतं. मग दिल्लीला एवढा उशीर का झाला? इंग्रजांचा कावा, असं उत्तर देऊन मोकळं होता येतं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण पुरतं उत्तर हवं असेल तर नौदलातला वरिष्ठ अधिकारी कसा तयार होतो, हे आधी पाहावं लागेल आणि त्यासाठी कटारींची कारकीर्द फार सोयीची आहे. १९२७ साली मुंबई बंदरातल्या एका जुन्या जहाजाची शिडी चढलेला पोरगा १९५८ साली नौदलप्रमुख होतो. या एकतीस वर्षांतली एकेक पायरी तपासली की उशिराचं कारण आपोआप दिसतं.

आधी या पायऱ्यांबद्दल. समुद्रावर जहाज चोवीस तास चालू असतं, म्हणून दिवसाचे चार-चार तासांचे पहारे पाडलेले असतात. त्यांना वॉच म्हणतात. वॉचच्या काळात ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवलं जातं त्या मंचावर, उभा असलेला अधिकारी सगळ्या जहाजाला जबाबदार असतो. कप्तान खाली झोपलेला असतो आणि शेकडो माणसांचा जीव या पंचविशीतल्या पोराच्या नजरेवर असतो. ही जबाबदारी एकट्याने पेलता येते असं प्रमाणपत्र मिळवणं हा नव्या अधिकाऱ्याचा पहिला मोठा टप्पा. त्यानंतर तो एखादा विषय निवडतो: दिशादर्शन, तोफा, संदेशवहन किंवा पाणबुडीविरोधी युद्ध. मग केव्हातरी तो जहाजावरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होतो. जहाजाची शिस्त, रंगरंगोटी, खलाशांच्या रजा आणि त्यांची भांडणं हे सगळं त्याच्या गळ्यात. ते निभावलं तर स्वतःचं छोटं जहाज, पुढे मोठं, मग जहाजांचा गट, आणि फार थोड्यांच्या वाट्याला संपूर्ण ताफा. मधून मधून त्याला किनाऱ्यावर आणून टेबलामागे बसवतात, कारण फायलींचा समुद्रही पोहता यावा लागतो.

इथे बाहेरच्या वाचकाचा एक गोंधळ नेहमी होतो. नौदलातला कॅप्टन हा हुद्दा लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा. लष्करातल्या कॅप्टनपेक्षा तो बराच वरचा. आणि एखाद्या छोट्या बोटीचा प्रमुख साधा लेफ्टनंट असला तरी त्या बोटीपुरता तोच कप्तान.

लष्करात पलटणी वाढवल्या की त्यांचे अधिकारी वाढवता येतात. नौदलात जहाजाला कप्तान एकच असतो. जहाजं मोजकी, तर कप्तानही मोजकेच. आणि जो कप्तान झालाच नाही त्याला ताफ्याचा प्रमुख कोण करणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या सरकारी आरमाराची, म्हणजे रॉयल इंडियन मरीनची, स्थिती अशी होती की जहाजावरचे अधिकारी इंग्रज आणि खाली काम करणारे सारंग, तांडेल आणि खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. पिढ्यानपिढ्या समुद्र ओळखणारी ही माणसं. पण ब्रिजवर जाण्याचा त्यांना अधिकार नव्हता. पहिला भारतीय अधिकारी नेमला गेला १९२८ साली, डी. एन. मुखर्जी. ते अभियांत्रिकी शाखेचे होते आणि त्या शाखेच्या अधिकाऱ्याकडे जहाजाचं नेतृत्व कधीच जात नाही. म्हणजे दार उघडलं गेलं ते तळघराचं. हा योगायोग होता की हिशेब, यावर मी पैज लावणार नाही. परिणाम मात्र एकच झाला. लष्करात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून काही भारतीयांना अधिकारीपद मिळू लागलं होतं. करिअप्पा त्याच पिढीतले. १९४७ साली लष्कराकडे अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला भारतीय होता. नौदलाच्या लढाऊ शाखेत तसा कुणीच नव्हता.

कटारींचा जन्म ८ ऑक्टोबर १९११चा, मद्रास इलाख्यातल्या चेंगलपट्टूचा. त्यांच्या शाळकरी वयात हिंदुस्थानी मुलाने व्यापारी जहाजावरचा अधिकारी व्हायचं ठरवलं असतं, तरी ते शिकायला देशात एकही जागा नव्हती. या प्रश्नावर कायदेमंडळात सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांच्यासारखे सभासद पाठपुरावा करत होते. मुंबईत वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळला जातो. देशी मालकीचं जहाज झालं. पण त्याच्या ब्रिजवर उभे राहणारे देशी अधिकारी कुठून आणायचे? सरकारने नेमलेल्या समितीने अखेर प्रशिक्षण जहाजाची शिफारस केली आणि १९२७च्या डिसेंबरात 'डफरिन' सुरू झालं.

डफरिन हे १९०४ सालचं, सैनिकांची ने-आण करणारं जहाज. वय झाल्यावर त्याला माझगावसमोर कायमचं नांगरून त्याची शाळा केली. देशभरातून प्रवेश परीक्षेने मुलं निवडली. पहिली तुकडी सव्वीस मुलांची होती. वेगवेगळ्या प्रांतांतली, जातींची आणि धर्मांची मुलं एकाच जहाजावर झोपणार, जेवणार आणि डेक घासणार, हे त्या काळी लहान धाडस नव्हतं. सुखवस्तू हिंदी घरातला मुलगा समुद्रावरचे कष्ट सोसेल का, अशी शंका जाहीरपणे व्यक्त होत होती. तीन वर्षांच्या या अभ्यासक्रमात गणित, खगोल, दिशादर्शन, दोरकाम आणि बोट वल्हवणं असं सगळं होतं. कटारी या पहिल्या तुकडीतले. शेवटच्या परीक्षेत व्हाइसरॉयचं सुवर्णपदक त्यांनाच मिळालं.

पदक मिळालं, नोकरीचं काय? इथे डफरिनच्या कथेतला कडवट भाग येतो. ब्रिटिश जहाज कंपन्यांचा हिंदी अधिकारी घेण्याकडे कल नव्हता. सिंधिया कंपनीने मुलांना सामावून घेतलं. पण एकटी कंपनी किती घेणार? कटारी गेले कलकत्त्याला, बंदर आयुक्तांच्या हुगळी नदी सर्वेक्षणाच्या कामाला.

या नोकरीकडे चरित्रलेखक घाईने पाहून पुढे जातात. मला ती त्यांच्या कारकिर्दीतली फार मोलाची शाळा वाटते. कलकत्ता बंदर समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत आहे आणि मधली हुगळी ही जगातल्या अवघड जलमार्गांपैकी एक मानली जाते. दामोदर आणि रूपनारायण या नद्या हुगळीला जिथे मिळतात त्या टापूत 'जेम्स अँड मेरी' नावाचा वाळूचा दांडा आहे. त्याने शतकानुशतकं जहाजं गिळली. काल जिथे पाणी होतं तिथे आज वाळू असते. घरातलं सामान रात्रीतून कुणी हलवून ठेवावं तसं. त्यामुळे खोली मोजण्याचं काम तिथे कधीच संपत नाही. बोटीतून जायचं, सूत सोडायचं, वाव मोजायचे, किनाऱ्यावरच्या खुणांशी कोन जुळवायचे, नकाशा दुरुस्त करायचा. पुढच्या भरतीला पुन्हा तेच. काल केलेल्या नकाशावर आज आंधळा विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथे अंगात मुरते. नौदलातल्या पुष्कळ अधिकाऱ्यांना तारुण्यात युद्धनौकेवरचा रुबाब मिळतो. कटारींना गढूळ पाणी आणि मोजमाप मिळालं.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झालं. रॉयल इंडियन नेव्हीकडे (१९३४पासून आरमाराचं हे नवं नाव होतं) तेव्हा मोजक्या युद्धनौका आणि दोन हजारांहून कमी माणसं होती. युद्ध संपेपर्यंत हा आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला. एवढे अधिकारी एकदम कुठून आणायचे, तर व्यापारी जहाजांवरून आणि बंदरांवरून. त्यासाठी राखीव दल होतं. त्याच वाटेने कटारी नौदलात आले. शांततेच्या काळात त्यांना जे दार बंद होतं ते हिटलरच्या पाणबुड्यांनी उघडलं, असं म्हटलं तर ते वावगं ठरणार नाही.

आणि त्यांनी विषय निवडला तोही पाणबुड्यांचाच. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांचे काफिले बुडवत होत्या. त्यांना शोधायचं तंत्र ध्वनीवर चालतं. जहाजाच्या तळाकडून पाण्यात आवाजाचा ठोका सोडायचा, तो कशावर आपटून परत येतो का ते ऐकायचं, परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. सांगायला सोपं, करायला महाकठीण. माशांचा थवाही प्रतिध्वनी देतो, गरम आणि थंड पाण्याच्या थरांमध्ये आवाज वाकतो, आणि जहाजाचा वेग वाढला की स्वतःच्याच पंख्याच्या आवाजात सगळं बुडून जातं. न दिसणारा तळ ऐकून-मोजून ओळखायची सवय असलेल्या सर्वेक्षकाला हे काम परकं वाटलं नसणार. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण आणि अटलांटिकमधला अनुभव घेऊन ते परतले आणि युद्धकाळातच राखीव दलातून नियमित सेवेत आले.

नियमित सेवेत येणं ही कारकुनी नोंद वाटते, पण सगळी पुढची कथा तिच्यावर उभी आहे. युद्ध संपल्यावर राखीव अधिकारी मोठ्या संख्येने घरी गेले. जे आत राहिले त्यांच्याच वाट्याला उद्याचं नौदल येणार होतं.

ते कसं असेल याची झलक १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईने पाहिली. कुलाब्याच्या 'तलवार' या तळावर खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची अपमानकारक भाषा यांविरुद्ध संप पुकारला. काही दिवसांत तो कराचीपासून कलकत्त्यापर्यंत पसरला. मुंबईच्या गिरणगावातले कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं मेली. या उठावाचं राजकारण आपल्या वाचनात पुष्कळदा येतं. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की अधिकारी आणि खलाशी यांच्यातली दरी किती खोल आहे हे उघड झालं, आणि ती बुजवण्याचं काम ज्या भारतीय अधिकाऱ्यांवर येणार होतं ते संख्येने थोडे आणि वयाने कोवळे होते.

दीड वर्षात फाळणी झाली. जहाजांची वाटणी ढोबळमानाने दोन तृतीयांश भारताला आणि एक तृतीयांश पाकिस्तानला अशी झाली. भारताकडे मोठी म्हणावी अशी जहाजं होती फक्त चार स्लूप: सतलज, जमुना, कृष्णा आणि कावेरी. क्रूझर नाही, विनाशिका नाही. तेव्हा एखाद्या भारतीयाला नौदलप्रमुख केलं असतं तर त्याच्या हाताखाली ताफा असा नव्हताच, आणि ताफा चालवायचा अनुभव असलेला भारतीयही नव्हता. नेहरू सरकारने इंग्रज प्रमुख ठेवण्याचा निर्णय घेतला तो या हिशेबाने. जहाजं ब्रिटनकडून घ्यायची होती, प्रशिक्षण तिथेच मिळणार होतं. आपल्या माणसाने मागणं आणि त्यांच्यातल्याच एखाद्या सरांनी मागणं यात फरक पडत असणार हेही उघड आहे. स्वाभिमानाला ते खुपलं असेल. तरी मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. त्या काळात शिडीच्या पायऱ्या भराभर बसवल्या गेल्या.

पहिली मोठी पायरी म्हणजे 'दिल्ली' ही क्रूझर. तिचं मूळ नाव 'अकिलीज'. डिसेंबर १९३९मध्ये दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मनीच्या 'ग्राफ श्पे' या बलाढ्य युद्धनौकेला कोंडीत पकडणाऱ्या तीन ब्रिटिश क्रूझरपैकी ती एक. १९४८ साली ती भारताने घेतली. गंमत अशी की रिव्हर प्लेटच्या लढाईत 'अकिलीज'चे कप्तान होते एडवर्ड पॅरी, आणि १९४८ साली भारतीय नौदलाच्या प्रमुखपदी आले तेही हेच पॅरी. पुढे या लढाईवर इंग्रजांनी चित्रपट काढला, तेव्हा आपल्या 'दिल्ली'नेच त्यात 'अकिलीज'ची भूमिका केली!

पाठोपाठ १९४९ साली 'रजपूत', 'रणजित' आणि 'राणा' या तीन विनाशिका आल्या. विनाशिका म्हणजे वेगवान, चपळ, काफिल्याची राखण करणारी आणि पाणबुडीच्या मागे लागणारी नौका. पाणबुडीविरोधी युद्ध शिकलेल्या माणसासाठी हीच खरी जागा. कटारींनी 'रजपूत'चं आणि तिच्याबरोबर विनाशिकांच्या अकराव्या गटाचं नेतृत्व केलं. एक जहाज सांभाळणं आणि तीन जहाजं एकत्र हलवणं यात मोठं अंतर आहे. रात्रीच्या अंधारात, दिवे मालवून, पंचवीस-तीस नॉट वेगाने धावणाऱ्या तीन नौकांनी एकाच वेळी वळायचं, आणि वळणाचा हुकूम द्यायचा एकाने. हुकूम काही सेकंद चुकला तर शत्रूची गरज उरत नाही. या वर्षांमध्ये राष्ट्रकुलातल्या नौदलांचे संयुक्त सराव श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीजवळ होत. तिथे आपल्या अधिकाऱ्यांना पाण्यावर मोठमोठे ताफे हलताना पाहायला आणि त्यात सामील व्हायला मिळालं. पुस्तकातून हे शिकता येत नाही.

किनाऱ्यावरही बांधणी चालू होती. यंत्रं सांभाळणारी माणसं लोणावळ्याच्या 'शिवाजी' तळावर तयार होत होती, विजेच्या कामाची जामनगरला, बाकीचं पुष्कळसं प्रशिक्षण कोचीनला. २७ मे १९५१ रोजी मुंबईत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी नौदलाला ध्वज प्रदान केला. कटारींची या दशकातली बाकीची वर्षं मुख्यालयातल्या जबाबदारीच्या जागांवर आणि लंडनच्या इम्पीरियल डिफेन्स कॉलेजातल्या अभ्यासात गेली. त्या फायलींबद्दल लिहून वाचकाला कंटाळा आणत नाही. एवढंच सांगतो की दिल्लीतल्या सचिवांना समुद्राची भाषा समजत नाही आणि समुद्रावरच्यांना दिल्लीची; दोन्ही बोलू शकणारा माणूस दुर्मीळ असतो.

ऑक्टोबर १९५६मध्ये रिअर ॲडमिरल कटारी भारतीय ताफ्याचे प्रमुख झाले. या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय. आज पश्चिम आणि पूर्व असे वेगळे ताफे आहेत. तेव्हा एकच होता आणि त्याचं घर मुंबई. माझगावसमोरच्या डफरिनपासून नौदल गोदीतल्या ध्वजजहाजापर्यंतचं अंतर पाण्यावरून फार तर दोन-तीन मैलांचं. ते कापायला एकोणतीस वर्षं लागली. ताफ्याचं नेतृत्व ही शेवटची अट होती. ती पुरी झाल्यावर इंग्रज प्रमुख ठेवण्याचं कारण उरलं नाही, आणि दीड वर्षात कार्लिल मायदेशी परतले.

प्रमुखपदाची चार वर्षं सोपी नव्हती. संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन. बुद्धीने तल्लख, जिभेने तिखट, आणि सेनाधिकाऱ्यांशी त्यांचं जमत नसे. १९५९ साली लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहाखातर तो मागे घेतला, ते प्रकरण याच काळातलं. पण याच काळात नौदलासाठी दोन दूरगामी गोष्टी घडल्या. एक म्हणजे १९६० साली मुंबईचं माझगाव डॉक आणि कलकत्त्याचं गार्डन रीच हे दोन्ही कारखाने सरकारच्या मालकीचे झाले. जहाजं विकत घेणारं नौदल जहाजं बांधणारं नौदल व्हायला निघालं. माझगाव डॉकमधून 'निलगिरी' ही पहिली मोठी फ्रिगेट नौदलात यायला १९७२ साल उजाडलं. पण तिची मुळं इथे आहेत. दुसरी गोष्ट 'विक्रांत'. 'हर्क्युलिस' या अर्धवट राहिलेल्या ब्रिटिश विमानवाहू जहाजाचा सौदा १९५७ साली झाला होता. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ते 'विक्रांत' या नावाने नौदलात दाखल झालं. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू त्याचे पहिले कप्तान. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी 'विक्रांत' मुंबईत आली, तेव्हा स्वागताला नेहरू हजर होते. आशियातल्या दुसऱ्या कुठल्याही देशाच्या नौदलाकडे त्या वेळी विमानवाहू जहाज नव्हतं.

आणि दीड महिन्यातच गोवा.

१७ नोव्हेंबरला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या. काही दिवसांनी एका मच्छीमाराचा बळी गेला. १८ डिसेंबरला 'ऑपरेशन विजय' सुरू झालं. कटारी दिल्लीत होते. समुद्रावर ताफ्याची सूत्रं होती रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण या मराठी अधिकाऱ्याकडे. बाहेरून एखाद्या युरोपीय देशाची जहाजं मदतीला आली तर अडवावीत म्हणून 'विक्रांत' गोव्याच्या पश्चिमेला खोल समुद्रात गस्तीवर राहिली. 'दिल्ली'ने दीवच्या किल्ल्यावर मारा केला.

मुरगावच्या बंदरात पोर्तुगीजांची एकच मोठी युद्धनौका होती, 'अफोन्सो द अल्बुकर्क'. १५१० साली गोवा जिंकणाऱ्याचंच नाव तिला होतं. दुपारच्या सुमारास 'बेतवा' आणि 'बिआस' या फ्रिगेट तिच्यावर चालून गेल्या. पोर्तुगीज जहाज तीसच्या दशकातलं, आपल्या फ्रिगेट नव्याकोऱ्या आणि त्यांच्या तोफा झपाट्याने मारा करणाऱ्या. लढत विषम होती, आणि तरीही पोर्तुगीज कप्तान आराग्याँव लढला, जबर जखमी झाला आणि शेवटी जहाज बांबोळीच्या किनाऱ्याकडे नेऊन वाळूवर रुतवलं. शत्रूच्या या शौर्याची आपल्या नौदलाने कदर केली, हेही सांगायला हवं.

अंजदीवला मात्र किंमत मोजावी लागली. 'त्रिशूल' आणि 'मैसूर' यांच्या आधाराने नौसैनिकांची तुकडी बेटावर उतरली. पांढरं निशाण दिसलं म्हणून पुढे झालेल्यांवर गोळीबार झाला. सात नौसैनिक गेले, एकोणीस जखमी झाले. ही माणसं जहाजावरच्या नेहमीच्या मंडळींतून निवडून तयार केलेली होती. किनाऱ्यावर उतरून लढणं हा ज्यांचा व्यवसाय असतो अशी खास दलं तेव्हा आपल्याकडे नव्हती. विजयाच्या गोंगाटात या त्रुटीची चर्चा फार झाली नाही. ती व्हायला हवी होती, आणि प्रमुख या नात्याने तिचा काही वाटा कटारींकडेही जातो. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले.

जून १९६२मध्ये कटारी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी सोमण आले. चार महिन्यांत चीनचं युद्ध झालं. पराभवानंतर जो पैसा मिळाला तो साहजिकच डोंगराकडे गेला; नौदलाच्या वाट्याला उरलंसुरलं. १९६५च्या युद्धात नौदलाला परवानगीशिवाय पोरबंदरच्या उत्तरेला जाऊ नका असा आदेश मिळाला, पाकिस्तानी जहाजांनी रात्री येऊन द्वारकेवर गोळे टाकले, आणि सोमणांना ते शल्य सहन करावं लागलं. शिडीच्या टोकाला पोचलेल्या माणसालाही वरून हुकूम येतच असतात.

कटारींची पुढची कारकीर्द ऐकून नाविकांना हसू यावं. सरकारने त्यांना १९६४ साली ब्रह्मदेशात राजदूत म्हणून पाठवलं, तिथे ते पाच वर्षं होते. नंतर त्यांनी अध्यक्षपद सांभाळलं ते आंध्र प्रदेशच्या मार्ग परिवहन महामंडळाचं. विनाशिकांचा गट हलवणाऱ्या माणसाच्या हाती एसटीच्या गाड्या आल्या! वेळापत्रक, इंधन, दुरुस्ती आणि माणसांच्या रजा या चार गोष्टींपुरतं तिथलं काम त्यांना ओळखीचंच वाटलं असावं. अखेरीला त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि जानेवारी १९८३मध्ये त्यांचं निधन झालं.

डफरिन १९७२ साली मोडीत निघालं आणि त्याची जागा 'राजेंद्र' या नव्या प्रशिक्षण जहाजाने घेतली. नौदलप्रमुखाचं पद पूर्ण ॲडमिरलच्या हुद्द्याचं झालं ते १९६८ साली, ॲडमिरल अधर कुमार चटर्जींच्या वेळी. तोवर कटारी आणि सोमण दोघेही निवृत्त झालेले होते. लष्कराच्या पहिल्या भारतीय प्रमुखाला चार तारे मिळाले. नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख शेवटपर्यंत तीन ताऱ्यांचा व्हाइस ॲडमिरलच राहिला.